गॅरेजमधली दारू: घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, एआय नाही, नोकऱ्या गेल्या-आल्याची चर्चा नाही. आज बंदुकीच्या दारूबद्दल बोलायचंय.

झालं असं की टेक्सासमधून एका ताईंचा मेल आला. नाव सांगत नाही. त्यांच्या नवऱ्याला रायफल शूटिंगचा नाद आहे, दोघांचं ग्रीन कार्ड झालंय, आणि गेल्या वर्षापासून दादांनी गॅरेजमध्ये काडतुसं घरी भरायला सुरुवात केलीय. तिकडे याला 'रीलोडिंग' म्हणतात. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. ताई लिहितात, "दर शनिवारी त्याचा एक मित्र येतो, दोघं तासन्‌तास खाली बसतात. मला विचारलं तर म्हणतात, काही होत नाही गं, पेट्रोलपेक्षा सेफ आहे. मला एवढंच सांगा, माझ्या घरात बॉम्ब आहे की नाही?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर एका ओळीत देता येणार नाही. म्हणून हा भाग.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, मी स्वतः काडतुसं भरत नाही. माझा एक जुना अमेरिकन सहकारी तीसेक वर्षं भरतोय. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर दोन संध्याकाळ बोललो, त्याने कॅमेरा फिरवून सगळं टेबल दाखवलं. आणि लायमन, हॉर्नडी या कंपन्यांची मॅन्युअलं आणि 'सामी'ची सुरक्षा पत्रकं वाचली. सामी म्हणजे अमेरिकेतली बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्यांची संस्था, १९२६ पासूनची. दोन, भारतात राहून हे ऐकणाऱ्यांसाठी: आपल्याकडे हा छंद नाही, गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. रील बघून उत्साहात येऊ नका. आणि दिवाळीतले सुतळी बॉम्ब फोडून आतली भुकटी गोळा करणारे जे वीर दर गल्लीत एक तरी असतात, त्यांनाही सांगतो, ती भुकटी म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. घासण्यानेसुद्धा पेटू शकते. बोटं दहाच असतात.

तर. मुळात 'दारू' हा शब्दच आपल्याकडे गोंधळाचा. (हसतो.) एकाच शब्दात बार आणि बारूद दोन्ही. पण बंदुकीच्या दारूतही दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत आणि तो फरक कळला की अर्धा विषय कळला.

पहिली काळी दारू. सोरा, गंधक, कोळसा. शिवकाळातल्या तोफांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हीच. ठिणगी पडली की भसकन पेटते, उघड्यावर असली तरी. घर्षण, स्टॅटिक, सगळ्याला ती हळवी. कायद्याच्या भाषेतही ती स्फोटक आहे.

दुसरी बिनधुराची, म्हणजे स्मोकलेस. १८८४ मध्ये पॉल व्हिएय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती बनवली. मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, काही प्रकारांत सोबत नायट्रोग्लिसरीन. आज दादांच्या गॅरेजमध्ये जे डबे असणार ते याच जातीचे. दिसायला पावडर म्हणतात, पण असतात बारीक दाणे: कुठे चकत्या, कुठे गोळ्या, कुठे तुटक्या शेवयांसारख्या काड्या. ही उघड्यावर चिमूटभर पेटवली तर फुस्स करून पिवळी ज्योत येते आणि संपते. धमाका नाही.

मग लोक म्हणतात ना, पेट्रोलपेक्षा सेफ, ते यावरून. आणि ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी स्वयंपाकघरात या.

आपला कुकर साधारण १५ पीएसआय दाबावर शिट्टी देतो. गाडीच्या टायरमध्ये ३० ते ३५. आणि थ्री-नॉट-एट, म्हणजे .३०८ विंचेस्टर नावाचं एक अगदी सर्रास वापरात असलेलं रायफलचं काडतूस आहे, त्याची सामीने ठरवलेली कमाल मर्यादा आहे ६२,०००. बासष्ट हजार पीएसआय! हा सगळा दाब येतो कुठून? तीच फुस्स करणारी पावडर. फक्त आता ती कोंडलेली आहे.

या पावडरचा स्वभावच असा की दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते. जास्त वेगाने जळली की जास्त गॅस, जास्त गॅस म्हणजे अजून दाब, अजून दाब म्हणजे अजून वेग. इंजिनिअर मंडळींना कळेल, हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप आहे. दाब आणि जळण्याचा वेग यांचं हे नातं गणितात मांडणारा माणूसही तोच, व्हिएय. बंदुकीच्या नळीत हा लूप एका मिलिसेकंदाच्या आसपास चालतो आणि गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते म्हणून तो संपतो. जिथे जागा मोकळी होत नाही तिथे काय होईल, विचार करा.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: पावडर कशात ठेवलीय यावर अवलंबून आहे.

कंपनीच्या मूळ डब्यात असेल तर तो डबा मुद्दाम कमजोर बनवलेला असतो. आग लागली तर थोड्याशा दाबाने तो फाटावा, आतली पावडर भडकून जळून जावी, दाब साठू नये, हे डिझाइन आहे. आणि इथेच हौशी लोक घोळ करतात. 'मौल्यवान वस्तू आहे, लहान मूल आहे' म्हणून पावडर जाड पोलादी तिजोरीत टाकतात. किंवा लष्करी माल विकणाऱ्या दुकानातून रबर सील असलेली लोखंडी पेटी आणतात, हवाबंद, ओल येणार नाही, किती छान! तयार काडतुसांना ती पेटी ठीक आहे. सुट्या पावडरला नाही. हवाबंद जाड लोखंडात पावडर म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने कुकर बनवलात, तोही शिट्टीशिवायचा.

मग ठेवायची कशात? लाकडी कपाटात. गंमत वाटेल, पण लाकूडच. अमेरिकेत एनएफपीए नावाची संस्था अग्निसुरक्षेची मानकं ठरवते. तिच्या ४९५ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे राहत्या घरात २० पाउंडांपर्यंत, म्हणजे साधारण ९ किलो, स्मोकलेस पावडर मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे ५० पाउंडांपर्यंत ठेवायची तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. लाकूड उष्णता आत लवकर जाऊ देत नाही आणि आत दाब आलाच तर सांध्यांतून सुटतं. स्थानिक शहराचे नियम याहून कडक असू शकतात, आणि घराच्या इन्शुरन्सची कागदपत्रंही एकदा वाचा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर लीज वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत.

लहान मुलगी आहे म्हणून कुलूप हवंच. लाकडी कपाटाला कुलूप लावा, किल्ली खिळ्याला टांगून ठेवू नका.

आता जागा. गॅरेज ही माझ्या मते पावडर साठवायला वाईट जागा आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजची भट्टी होते, आणि अमेरिकेत पुष्कळ घरांत गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो, त्याच्या खाली छोटी ज्योत जळत असते. काम गॅरेजमध्ये करा, पण डबे घरातल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात.

उष्णतेचा मुद्दा आगीपुरता नाही. नायट्रोसेल्युलोज ही जात्याच हळूहळू कुजणारी वस्तू आहे. कुजताना त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती वाफ पुढची कुज वाढवते. ते रोखायला कारखान्यात पावडरमध्ये डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक मिसळतात, ते ही वाफ पिऊन टाकतं. पण स्थिरक संपतं. उष्णतेत लवकर संपतं. म्हणून सहा-आठ महिन्यांनी डबा उघडून वास घ्यायचा. चांगल्या पावडरला ईथर-स्पिरिटसारखा किंचित वास असतो. नाकात झोंबणारा आंबट वास आला, गंजासारखी तांबूस धूळ दिसली, किंवा तपकिरी वाफ दिसली, तर ती पावडर गेली. 'अजून अर्धा डबा आहे, महाग आहे' हा विचार तिथेच सोडा. कचऱ्याच्या डब्यात किंवा बेसिनमध्ये टाकायची नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा, ते विल्हेवाटीची पद्धत सांगतात, किंवा तुमच्या भागातल्या फायर डिपार्टमेंटला विचारा.

हे झालं पावडरचं. ताईंनी ज्याबद्दल विचारलंच नाही ते आता. माझ्या सहकाऱ्याला मी विचारलं होतं, टेबलावरची तुला सगळ्यात भीती वाटणारी वस्तू कुठली? मला वाटलं पावडर म्हणेल. त्याने नखाएवढी चकचकीत टोपी दाखवली. प्रायमर.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तळाशी प्रायमर, आत पावडर, वर गोळी. बातम्यांमध्ये 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' वाचतो ना, त्याच पुंगळ्या स्वच्छ करून, जुना प्रायमर काढून, नवा बसवून पुन्हा भरतात. प्रायमरमध्ये आघाताने पेटणारं रसायन असतं, बहुतेक वेळा लेड स्टिफ्नेट. पावडरला पेटवायला ज्योत लागते, याला नुसता ठोका पुरतो. एक प्रायमर फुटला तर कान बधिर होतील, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. पण शंभर प्रायमर एखाद्या बरणीत एकत्र असतील तर एकाने सगळे एकदम फुटतात. तो मात्र खरा स्फोट.

कंपनीच्या पुड्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या खाचेत आडवा ठेवलेला असतो, आणि पुडा एवढा मोठा का असं वाटतं. ती जागा वाया गेलेली नाही, तीच सुरक्षा आहे. २०२० नंतर दोनेक वर्षं अमेरिकेत प्रायमरचा दुष्काळ पडला होता, तेव्हा लोकांनी मिळतील तसे साठवले आणि जागा वाचवायला काचेच्या बरण्यांत ओतले. अजूनही कोणाकोणाच्या फळीवर त्या बरण्या दिसतात. दादांकडे तशी बरणी असेल तर ती आधी, आजच, हाताळावी लागेल. हलवू-खुळखुळवू नका, आणि काय करायचं ते फायर डिपार्टमेंटला विचारून करा. एनएफपीएच्या त्याच मानकात घरात दहा हजार प्रायमरची मर्यादा आहे. पावडरपासून दूर, वेगळ्या कप्प्यात. आणि बसवताना डोळ्यांवर सेफ्टी ग्लासेस. साधा नंबरचा चष्मा त्यात मोजायचा नाही.

आता दादांसाठी. म्हणजे टेबलावर बसणाऱ्यासाठी.

गॅरेजमध्ये आग लागून होणारे अपघात लोकांना घाबरवतात, पण हा छंद करणाऱ्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त जे ऐकू येतं ते वेगळंच आहे: डबल चार्ज. एका पुंगळीत चुकून दोनदा पावडर. हा अपघात घरी होतो आणि कळतो रेंजवर, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

यात .३८ स्पेशल नावाचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस कुप्रसिद्ध आहे, आणि त्यामागे छान इतिहास आहे. ते आलं १८९८ च्या सुमारास, काळ्या दारूच्या जमान्यात. काळी दारू कमी ताकदीची, म्हणून भरपूर लागायची, म्हणून पुंगळी लांब. पुढे बिनधुराची दारू आली. तिचा इतका छोटा भाग पुरतो की लांब पुंगळीच्या तळाशी ती कुठेतरी पडलेली दिसते. दोनदा पडली तरी सांडत नाही. वरून बघितलं नाही तर कळतही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीचा निर्णय आज कोणाच्या तरी बोटांवर येतो. आपल्या धंद्यात असले प्रकार रोज बघतो, फक्त तिथे सर्व्हर पडतो.

यावर उपाय महागडे नाहीत. पन्नास खाचांचा लाकडी ठोकळा मिळतो. सगळ्या पुंगळ्या त्यात उभ्या करायच्या. पावडर भरायची. मग एकही गोळी न बसवता, टॉर्च घेऊन पन्नासही पुंगळ्यांत डोकवायचं. एखादीत पातळी वर-खाली दिसली की ती ओतून परत. या तपासणीनंतरच गोळ्या. दुसरा उपाय त्याहून भारी: पावडरच अशी फुगीर निवडायची की दोनदा पडली तर पुंगळीतून सांडेल. म्हणजे चूक लपूच शकत नाही. काही जण तयार काडतूस वजन करून डबल चार्ज पकडू पाहतात. छोट्या चार्जला ते चालत नाही, कारण पितळी पुंगळ्यांच्या वजनातला आपापसातला फरकच पावडरच्या वजनाहून मोठा असू शकतो.

उलटी चूकही आहे. पावडर पडलीच नाही. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात जाऊन अडकते. आवाज 'धाड' ऐवजी 'फट्' येतो, धक्का लागत नाही. तिथे थांबायचं. नळी बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, रिकामी करून तपासायची. पुढची गोळी तिच्यामागून गेली तर नळी फुगते नाहीतर फाटते. घाईघाईत एकामागून एक चालवणाऱ्यांना तो 'फट्' ऐकूच येत नाही, हीच अडचण.

वजनाबद्दल थोडं, कारण मला यात आपलं काहीतरी सापडलं. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, एका पाउंडात ७,००० ग्रेन. हे ऐकून परकं वाटतं, पण आपल्या सराफाचा तोळा इंग्रजांनी १८३३ मध्ये नेमका १८० ग्रेनचा ठरवला होता. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला जराशी कमी. पिस्तुलाच्या काडतुसात कधी कधी तीन-चार ग्रेन पावडर असते, म्हणजे दोन गुंजा! त्यात अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे पाव गुंजेची चूक. सराफ पंखा बंद करून सोनं तोलतो, तेच इथे. एसीची झुळूक, शेजारी ठेवलेला मोबाईल, दोन्हींनी डिजिटल काटा भरकटू शकतो. काट्यासोबत येणारं तपासणीचं वजन सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ठेवून बघायचं.

आणि किती भरायची? मॅन्युअल सांगेल तेवढी. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी स्क्रीनशॉट टाकला, एआयला विचारलं, यूट्यूबवर दाढीवाल्या काकांनी सांगितलं, यातलं काही नाही. मीही आज एकही आकडा देणार नाही. छापील मॅन्युअल किंवा पावडर कंपनीची स्वतःची माहिती, आणि सुरुवात त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून. फक्त कमाल आकडा दिला असेल तर त्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची, ही जुनी रीत. पुंगळी, प्रायमर, गोळी, यातलं काहीही बदललं की परत खालून.

नावांचा सापळा वेगळाच. 'आयएमआर ४३५०' आणि 'एच ४३५०' या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा एक, जळण्याचा वेग वेगळा. दुसरीकडे 'एच ११०' आणि 'विंचेस्टर २९६' ही दोन नावं एकाच पावडरची. व्हेरिएबलला नावं देताना आपण एवढा वाद घालतो, इथे तर बोटांचा प्रश्न. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, हा नियम सगळ्या जुन्या लोकांच्या तोंडी असतो. काम संपलं की मापकातली उरलेली पावडर लगेच त्याच डब्यात परत. रात्रभर मापकात राहिली तर सकाळी ती कुठली होती हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि नायट्रोग्लिसरीनवाल्या पावडरने प्लास्टिकही खराब होतं. कुठली ते आठवत नसेल, लेबल निघालेलं असेल, तर ती पावडर वापरायची नाही. वास घेऊन, रंग बघून ओळखता येत नाही.

सांडलं तर ब्रश आणि सुपली. व्हॅक्यूम क्लीनर नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात आणि पिशवीत कोंडलेली धूळ. सिगारेट नाही, मेणबत्ती नाही. आणि दारू (ती दुसरी) पिऊन नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. हा पॉडकास्ट लावून भरत असाल तर आत्ता बंद करा, नंतर ऐका. खरंच. मित्राशी गप्पा मारत भरणं हे मला सगळ्यात खटकलं ताईंच्या मेलमध्ये. कोणी हाक मारली, लक्ष गेलं, की 'ही पुंगळी भरली का?' असा प्रश्न आला तर ती ओतून परत सुरू.

आता ताई, परत तुमच्याकडे. बॉम्बचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल: मूळ डबे, लाकडी कपाट, कुलूप, प्रायमर पुड्यात, एवढं असेल तर घरात बॉम्ब नाही, पेट घेणारी वस्तू आहे. पण तीन वर्षांच्या मुलीसाठी मला पावडरहून जास्त काळजी शिशाची वाटते. त्याचा आवाज होत नाही म्हणून कोणी बोलत नाही. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या स्वच्छ करायला त्या मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशात मशिनमध्ये तासन्‌तास घुसळतात, झाकण उघडलं की ती धूळ हवेत. तीच धूळ कपड्यांवर, बुटांवर, आणि तिथून गालिच्यावर, जिथे मूल रांगतं-खेळतं आणि बोटं तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडं असलं तरी घातक. तेव्हा ते मशीन घराबाहेर, चाळणं बाहेर, मास्क लावून. किंवा पाण्यात धुण्याची पद्धत, त्यात धूळ उडत नाही. गॅरेजचे बूट गॅरेजमध्ये. कपडे वेगळे धुवायचे. हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही. खाली चहा-चिवडा बंद. आणि मुलीच्या डॉक्टरला सांगून रक्तातल्या शिशाची चाचणी करून घ्या. अमेरिकेत सीडीसीने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा लक्ष देण्याचा आकडा ठेवलाय. साधी चाचणी आहे.

आग लागलीच तर? पावडर स्वतःच्या रेणूंतच ऑक्सिजन बाळगून असते, त्यामुळे ती झाकून, गुदमरवून विझत नाही. पावडर पेटली असेल तर झुंजत बसू नका. मुलीला घ्या, बाहेर पडा, ९११ ला फोन करा आणि आत पावडर-प्रायमर कुठे आहेत ते सांगा. सुटी काडतुसं आगीत फटाफट फुटतात, पण नळी नसल्यामुळे गोळीला सिनेमातल्यासारखा वेग येत नाही. भरलेल्या बंदुकीत असलेलं काडतूस मात्र खरंच सुटतं. म्हणून भरलेली बंदूक कपाटात ठेवायची नाही.

शेवटचं, आणि हे अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या पोरांनी ऐका. तो शनिवारी येणारा मित्र. ताईंनी मेलमध्ये सहज लिहिलंय की तो एच-वन-बीवर आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध शिकारीचं लायसन्स. आणि त्या कायद्यातली 'ॲम्युनिशन'ची व्याख्या वाचा: पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर, यातलं प्रत्येक सुटंसुद्धा ॲम्युनिशनच. 'मी बंदूक कुठे घेतली, नुसती पावडर तर भरत होतो' हे चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, त्यामुळे दादा ठीक आहेत. स्वतःसाठी भरायला संघीय लायसन्स लागत नाही, पण मित्रांना विकायला लागलात तर लागतं. त्या मित्राने पुढच्या शनिवारी जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. तासाभराची फी द्यावी लागेल, व्हिसाच्या मानाने स्वस्त.

आणि भारतात सुट्टीला येताना रेंजवर नेलेली बॅग वापरू नका. पावडर आणि प्रायमर विमानात हातातल्या किंवा चेक-इन कुठल्याच सामानात चालत नाहीत. आपल्या विमानतळांवर बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेल्या एका काडतुसामुळे लोक पोलीस चौकीत बसलेले आहेत. नकळत राहिलं हे कोर्टात मांडता येतं, पण तोपर्यंत सुट्टी संपलेली असते. रिकामी पुंगळी भाच्याला कीचेन म्हणून आणू नका. कायद्यात काडतुसाचे भागही येतात.

ताई, दादांना हा भाग ऐकवा, आणि कपाट कसलं आहे ते मला नक्की कळवा. बाकीच्यांनी प्रश्न नेहमीच्या मेलवर पाठवा. भेटू पुढच्या गुरुवारी.